दसरा-दिवाळीचा लाल भोपळा : निवडायचा कसा, टिकवायचा कसा, रांधायचा कसा

पाऊस उघडला, मका-बाजरी निघाली की बांधावरचे, गोठ्याच्या छपरावरचे भोपळ्याचे वेल वाळायला लागतात आणि पानांखाली लपलेले भोपळे दिसू लागतात. सगळ्यांचा माल एकदमच निघत असल्याने बाजारात भाव पडतो. मग कुणी मिळेल त्या भावात देतो, कुणाचे बांधावरच सडतात. खरं तर न कापता महिनोन्‌महिने टिकणाऱ्या थोड्या भाज्यांपैकी ही एक. नीट पिकलेला, देठासकट काढलेला भोपळा संक्रांतीपर्यंत सहज जातो, जाड सालीचा असेल तर त्याच्याही पुढे. उन्हाळ्याच्या तोंडाला भाजी महाग होते, तेव्हा हाच उपयोगी पडतो.

नावं अनेक, फळ एकच

आपल्याकडे कुणी लाल भोपळा म्हणतं, कुणी तांबडा भोपळा, कुणी डांगर. काही भागांत काशीफळ किंवा गंगाफळ, तर विदर्भात कोहळं. इतर ठिकाणी मात्र कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा कोहळा, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातून बी मागवताना नावाचा खुलासा करून घ्यावा. हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं, पण आता आपल्या मातीत पुरतं रुळलंय. गावठी वाणांबरोबर बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का चंदन’ हा साधारण २ ते ३ किलोचं फळ देणारा वाणही आहे. छोट्या कुटुंबाला एवढं फळ बरं, कापल्यावर लवकर संपतं.

पिकलेला कसा ओळखायचा

- सालीवर नख दाबून बघा. नख रुतलं तर अजून कोवळा आहे.
- देठ हिरवा-रसरशीत नको. वाळून खाकी, टणक झालेला हवा.
- जमिनीला टेकलेला डाग पांढरट नाही, पिवळा असावा.
- हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागावा.

बाजारातून फोड घेताना गर गडद केशरी आणि बिया भरलेल्या बघून घ्या. गर फिकट, पाणचट असेल तर भाजी बेचव होते.

टिकवायचा कसा

तोडताना दोन-तीन बोटं देठ राखून विळ्याने कापा. ओढून तोडलं की देठाची जागा उघडी पडते आणि सड तिथूनच सुरू होते. देठाला धरून उचलू नका, आपटू नका. वरून चांगला दिसला तरी मार लागलेला भोपळा आतून नासतो.

काढल्यावर आठ-दहा दिवस कोरड्या, उबदार, हवेशीर जागी ठेवा म्हणजे साल कडक होते. धुवायचं नाही, फक्त माती पुसायची. नंतर फळी, बाज किंवा कडब्यावर एका थरात, एकमेकांना लागणार नाहीत असे मांडा. ओली फरशी आणि बंद पोतं टाळा. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ फिरवून बघा. मऊ डाग दिसला तर ते फळ लगेच बाजूला काढून आधी वापरा. ओरखडा पडलेले किंवा देठ तुटलेले भोपळे साठवणीत ठेवूच नका, ते पहिल्यांदा संपवा.

एकदा कापला की घाई करावी लागते. बिया आणि जाळी काढून फोड फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस राहते. फ्रिज नसेल तर एक-दोन दिवसांत संपवा किंवा शेजारी वाटून टाका.

आधी चव, मग फोडणी

हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शिजवण्याआधी तांदळाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळा भोपळा फेकून द्या. हा कडूपणा एका विषारी घटकाचा असतो. तो शिजवून जात नाही, गूळ किंवा मसाल्याने झाकला तरी विष तसंच राहतं. उलट्या, जुलाब, पोटात जोराची कळ असा त्रास होतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, तो याच जातीच्या विषाने. कडू फळ खाल्ल्यावर त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत न बसता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. असं फळ जनावरांपुढेही टाकू नका.

रोजची भाजी

साल कोवळी असेल तर काढू नका, फोडी धरून राहतात. तेलात मोहरी, चार मेथीदाणे, हिंग, हळद, सुकी मिरची घाला आणि मोठ्या फोडी परता. पाणी भाजीत न घालता वरच्या ताटात ठेवा. दहा-बारा मिनिटांत शिजते. शेवटी मीठ, थोडा गूळ आणि दाण्याचं कूट. उपवासाला हीच भाजी तूप-जिऱ्याच्या फोडणीत करतात. विदर्भातल्या बाकर भाजीत खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटून घालतात.

भरीत

अर्धा किलो फोडी वाफवून घ्या, पाण्यात उकडू नका. कुस्करून पूर्ण गार होऊ द्या, मग वाटीभर दही, मीठ, चिमूटभर साखर, मिरची-कोथिंबीर घाला. वरून हिंग-मोहरीची फोडणी. गरम असताना दही घातलं तर पाणी सुटतं.

घारगे

दोन वाट्या किसाला पाऊण ते एक वाटी गूळ. चमचाभर तुपावर कीस मऊ करा, गूळ विरघळवा आणि गार करा. त्यात चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे गरम तेल आणि मावेल तेवढी कणीक घाला. एक चमचा तांदळाची पिठी घातली तर खुसखुशीत होतात. पाणी अजिबात नको. जाडसर थापून मध्यम आचेवर तळा. दोन-तीन दिवस टिकतात, म्हणून प्रवासाला बऱ्या. विदर्भात असंच पीठ सैल ठेवून बोंडं तळतात.

भोपळ्याचा केशरी रंग ज्या घटकाचा, त्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं. ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. म्हणून लहान लेकरांना नुसता उकडून देण्यापेक्षा चमचाभर तूप घालून कुस्करून द्या.

बिया आणि फुलं

बिया धुऊन सावलीत वाळवा. भाजून नुसत्या खा किंवा लसूण-मिरचीबरोबर चटणी वाटा. भज्यांसाठी लांब बारीक देठाची नर फुलं तोडा. फुलाखाली छोटी गाठ दिसली तर ते मादी फूल, त्यालाच भोपळा धरतो. सगळी नर फुलंही तोडू नका, फळ धरायला ती लागतात.

बियाणं धरायचं असेल तर गोड, चांगल्या टिकलेल्या गावठी फळाचंच धरा. संकरित फळाचं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही. कडू निघालेल्या फळाची एकही बी उकिरड्यावर टाकू नका, पावसात तिथेच वेल उगवतो आणि कुणीतरी त्याचं फळ घरी नेतं.