घराचें गहाण : एका उपेक्षित कागदाची साक्ष

जुनीं दप्तरें सोडतांना सनद, महजर, निवाडपत्र अथवा एखादें राजकीय पत्र हातीं आलें म्हणजे संग्राहकास आनंद होतो व तो कागद तो जिवापाड जपतो. त्याच रुमालांत घराच्या गहाणाचीं पांच-पंचवीस खतें निघालीं तर मात्र "खासगी देवघेवीचे कागद" असा शेरा मारून तीं बाजूस सारलीं जातात. हा भेद आमच्या मतें योग्य नाहीं. नगरांत राहणाऱ्या सामान्य गृहस्थास डोक्यावरचें छप्पर किती महाग पडत होतें, त्याच्या मिळकतीचा कितवा हिस्सा घरापायीं जात होता, हें सांगणारा दुसरा कागद आपणांपाशीं जवळजवळ नाहीं. आज मुंबई-पुण्याच्या घरांच्या किंमती व त्यांवरील कर्जाचे हप्ते हा घरोघर चिंतेचा विषय झाला असतां या प्रश्नाचा पूर्ववृत्तांत तपासणें हें इतिहासाचेंच काम आहे.

(१) कागदाचें स्वरूप

खताची मांडणी बहुधा ठरीव असते. शक, संवत्सर व तिथि. नंतर "धणको नाम" व "रिणको नाम". पुढें रक्कम, व्याज, मुदत, गहाण टाकलेल्या घराच्या चतुःसीमा, आणि अखेरीस साक्षी. यांत पहिली अडचण नाण्याची. चांदवडी, मल्हारशाही, अंकुशी, हाली शिक्का अशीं नाणीं एकाच काळीं चालत, व त्यांचा परस्पर बट्टा स्थळाप्रमाणें बदले. इ. स. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलुखांत एकाच वजनाचा रुपया सुरू केला. त्यापूर्वीच्या दोन खतांतील रकमा नाणें न पाहतां शेजारीं मांडणें म्हणजे शेर व पायली यांची बेरीज करण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट गहाणाच्या प्रकाराची. घर रिणकोच्याच ताब्यांत राहून केवळ तारण असेल तर तें नजरगहाण. ताबा धणकोकडे गेला तर ताबेगहाण. आणि मुदतींत पैसे न फिटल्यास घर विकत दिलें असें समजावें, असा करार असला तर ती मुदतखरेदी. हा भेद आजकालचा नव्हे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें लिहिलेल्या मिताक्षरेंतही आधीचे गोप्य व भोग्य असे दोन प्रकार आलेले आहेत. गोप्य म्हणजे केवळ राखावयाचा, भोग्य म्हणजे उपभोगावयाचा.

संशोधकास ताबेगहाण विशेष उपयोगी. त्यांत पुष्कळदां व्याजाऐवजीं घराचा भोगवटा दिलेला असतो. म्हणजे घराचें भाडें व मुद्दलाचें व्याज हीं त्या दोघांनीं सारखीं मानलीं. त्याच गांवांतील त्याच काळच्या इतर खतांवरून व्याजाचा चालू दर कळला, तर त्या घराच्या भाड्याचा अजमास निघतो. मात्र एक चूक टाळावी. गहाणाची रक्कम ही घराची किंमत नव्हे. सावकार तारणाच्या पुऱ्या मोलाइतकें कर्ज सहसा देत नाहीं; तेव्हां किंमत पाहावयाची असेल तर खरेदीखतच पाहिलें पाहिजे.

(२) व्याजाची मर्यादा

याज्ञवल्क्यस्मृतींत तारण असलेल्या कर्जास दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग व्याज सांगितलें आहे. म्हणजे वर्षास शेंकडा १५. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत एकाच वेळीं घ्यावयाचें व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये असा निर्बंध आहे. यालाच आपण दामदुप्पट म्हणतों, आणि मुंबईच्या हायकोर्टानेंही हिंदु ऋणकोच्या बाबतींत हा नियम मानला. कंपनी सरकारच्या १८२७ च्या पांचव्या रेग्युलेशनानें मुंबई इलाख्यांत कोर्टामार्फत वसूल होणाऱ्या व्याजास शेंकडा १२ ची मर्यादा घातली होती. ती १८५५ च्या कायद्यानें उठली, व व्याज करारावर सोपविलें गेलें.

पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला व तो आसपास पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतांवर व रोख्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यांत आले. संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या भागांतील एखाद्या पेढीचे १८७५ पूर्वीचे कागद आज न मिळाले तर तेवढ्यावरून तेथें देवघेव नव्हती असा निष्कर्ष काढतां येत नाहीं. कागदाचा अभाव हाही कधीं कधीं इतिहासच असतो. या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व खतांत लिहिलेल्या रकमेमागें जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला.

१८८२ च्या मिळकत-हस्तांतराच्या कायद्यानें गहाणाचे प्रकार निश्चित केले. त्यांतील एक प्रकार संशोधकास चकविणारा आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा नेमलेल्या शहरांत मालकीचे दस्तऐवज नुसते धणकोच्या स्वाधीन केले कीं गहाण पुरें होई. त्यास खत लिहिण्याची गरज नसे. त्यामुळें मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरांवरील कित्येक कर्जें नोंदणीच्या पुस्तकांत सांपडणार नाहींत.

(३) मुंबईची खोली

मुंबईंत बहुसंख्य लोकांचा घराशीं संबंध मालकाचा नव्हता, भाडेकऱ्याचा होता. १८९६ सालीं प्लेग आला, आणि दाट वस्तीचे परिणाम सरकारच्या डोळ्यांपुढें उभे राहिले. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आंखली. परंतु रस्त्यासाठीं जुनीं घरें पाडलीं तेव्हां त्यांतील गरीब बिऱ्हाडें शेजारच्या आळींत आणखी दाटीनें शिरलीं. पहिल्या महायुद्धांत भाडीं चढलीं, म्हणून १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा करून १ जानेवारी १९१६ चें भाडें हें प्रमाण ठरविण्यांत आलें. १९२० सालीं गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता व त्याच्या खर्चासाठीं कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची.

याच सुमारास, १९२१-२२ सालीं, मुंबईच्या लेबर ऑफिसानें फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालीं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तींत कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारें ५२ रुपये भरली, आणि खर्चांत घरभाड्याचा वाटा शेंकडा ८ च्या आसपास निघाला. १९३२-३३ च्या पाहणींत हा वाटा शेंकडा १३ च्या जवळ गेला. नुसते आंकडे पाहणारा वाचक म्हणेल कीं, त्या काळीं घर किती स्वस्त होतें! परंतु त्याच पहिल्या पाहणींत असेंही आढळलें कीं, शंभरांतील ९७ कुटुंबें एकेका खोलींत राहत होतीं. अन्नावर निम्म्याहून अधिक मिळकत जात असतां भाड्यास याहून अधिक देणें शक्यच नव्हतें. तेव्हां मिळकतींत बसेल इतकीच जागा माणसानें घेतली. भाड्याचा हिस्सा लहान होता याचें कारण घर स्वस्त होतें हें नव्हे, तर घर म्हणून जें मिळे तेंच लहान होतें. हप्त्याचें अगर भाड्याचें मिळकतीशीं प्रमाण सांगणारा कोणताही आंकडा वाचतांना "किती जागेसाठीं?" हा प्रश्न प्रथम विचारावा, हा या पाहणीचा धडा आहे.

(४) गहाणाचा अर्थ उलटला

जुन्या खतांत घर हें कर्जाचें साधन असे. लग्नकार्य, यात्रा, सरकारदेणें अथवा व्यापारांतील ठोकर यांकरितां पैसा लागे व बापजाद्यांचें घर तारण पडे. आज घरच घेण्याकरितां कर्ज काढतात व तेंच घर तारण देतात. पूर्वी असलेलें घर जाण्याची पहिली पायरी म्हणजे गहाण. आतां नसलेलें घर मिळण्याची पहिली पायरी म्हणजे गहाण. शब्द तोच, अर्थ उलटा.

हा पालट पूर्वीच कां झाला नाहीं? कारण साध्या हिशेबांत आहे. शेंकडा १२ ते १५ व्याज असतां हजार रुपयांच्या घरावर वर्षास १२० ते १५० रुपये नुसतें व्याज होई, मुद्दल वेगळेंच. शिवाय सावकार हा एक माणूस. वीस वर्षें थोडथोडें मुद्दल घेत बसणें त्यास परवडणारें नव्हे. दीर्घ मुदतीच्या कर्जास व्याज कमी हवें, आणि धणको माणसापेक्षां अधिक आयुष्याचा हवा, म्हणजे संस्था हवी.

अशा संस्थेचा आरंभ आपल्याकडे सहकारानें झाला. १९१२ च्या सहकारी कायद्यानंतर १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वतांची गृहनिर्माण सोसायटी नोंदली गेली, तींत रा. ब. तालमकी यांचा पुढाकार होता. १९४७ च्या कायद्यानें मुंबईंतील भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलीं. असलेल्या भाडेकऱ्यास आधार मिळाला. पण भाड्यानें देण्यासाठीं नवें घर बांधण्याची मालकाची इच्छा मावळली व पागडीची चाल बळावली. भाड्याचें दार असें अरुंद झाल्यावर मध्यमवर्गास मालकीच्या दारानें शिरणें भाग पडलें. १९६३ सालीं महाराष्ट्रांत मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. आणि १९७७ सालीं ह. ठा. पारेख यांनीं घरकर्ज हाच मुख्य व्यवसाय असलेली एच.डी.एफ.सी. ही संस्था मुंबईंत काढली. ती २०२३ सालीं त्याच नांवाच्या बँकेंत विलीन झाली.

(५) आजचा हप्ता व दामदुप्पट

नाइट फ्रँक ही पेढी निरनिराळ्या शहरांत घरकर्जाचा मासिक हप्ता कुटुंबाच्या मिळकतीच्या शेंकडा किती पडतो याचें कोष्टक प्रसिद्ध करीत असते. तिच्या हिशेबाप्रमाणें २०२३ सालीं हें प्रमाण मुंबईंत ५१, पुण्यांत व कलकत्त्यांत २४, आणि अहमदाबादेंत २१ होतें. मुंबईचाच २०१९ चा आंकडा ६७ होता. हप्ता निम्म्या मिळकतीपलीकडे गेला कीं कर्ज देणारे हात आखडतात. म्हणजे २०२३ सालींही मुंबई त्या कांठावरच उभी होती.

परंतु हे आंकडे केवळ घराच्या किंमतीचे नव्हत. व्याज त्यांत दडलेलें आहे. एक लक्ष रुपयांचें वीस वर्षें मुदतीचें कर्ज घेतलें तर शेंकडा ७ दरानें मासिक हप्ता सुमारें ७७५ रुपये येतो, व ९ दरानें ९०० रुपये. घर तेंच, मिळकत तीच, तरी ओझें सुमारें सहाव्या हिश्शानें वाढलें. शेंकडा ८ दर धरला तर वीस वर्षांत एकंदर २,००,७४६ रुपये भरावे लागतात, म्हणजे दामदुप्पट! येथें घाईनें असें मात्र म्हणूं नये कीं, आजचा हप्ता स्मृतीचा निर्बंध मोडतो. स्मृतिकारांनीं बंदी केली ती एकाच वेळीं थकून साचलेल्या व्याजास. वेळच्या वेळीं चुकत्या झालेल्या व्याजास नव्हे. तरी घर घेणारा आपल्या आयुष्याच्या वीस वर्षांत एका घराकरितां दोन घरांचे पैसे मोजतो, ही गोष्ट उरतेच.

(६) संग्राहकांस विनंति

पुण्याच्या पेठांतील वाडे पडत आहेत. मुंबईच्या डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींच्या जागीं उंच इमारती येऊं लागल्या आहेत. घर उतरवितांना माळ्यावरचें दप्तर प्रथम रद्दींत जातें. १८७५ सालीं लोकांनीं खतें जाळलीं तीं निदान त्यांचें महत्त्व जाणून. आपण तीं अजाणतां टाकीत आहों.

म्हणून विनंति इतकीच कीं, घराचें गहाणखत, खरेदीखत, भाडेचिठ्ठी किंवा फारखत हातीं आल्यास तें फेंकूं नये, व त्यांतून पांच गोष्टी टिपून ठेवाव्या : तिथि व नाणें, मुद्दल व व्याज, किंवा व्याजाऐवजीं भोगवटा, ताबा कोणाकडे, कर्जाचें कारण, आणि रिणकोचा धंदा. त्या घरांतील कोणाच्या पगाराची अगर मजुरीची नोंद त्याच दप्तरांत असेल तर ती खतापासून विलग करूं नये. कारण मिळकतीशिवाय किंमत मुकी असते. अशीं शेंदोनशें टिपणें एका पेठेपुरतीं जरी जमलीं, तरी घर महाग झालें कीं माणसाचें उत्पन्न अपुरें पडलें या प्रश्नाचें उत्तर तर्कावर न ठेवतां कागदावर ठेवतां येईल.