पवित्र स्थळ (पश्चिम ऑस्ट्रेलियातील कायदा)

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्यातील पाचवे कलम आदिवासींना विशेष महत्त्वाच्या वाटणाऱ्या पवित्र, विधीच्या व समारंभाच्या स्थळांना संरक्षण देते. ‘पवित्र’ कशाला म्हणावे, यावरून वाद पेटला तो पोर्ट हेडलंड बंदरात. लोहखनिजाची जहाजे जिथून सुटतात, त्या खाडीच्या पाण्यासह असलेले ‘मारापिकुरिन्या यिंथा’ हे स्थळ वारसा स्थळांच्या नोंदवहीतून वगळण्यात आले. कथा, गीत वा श्रद्धा जोडलेली असणे पुरेसे नाही, धार्मिक कार्यासाठी वापर हवा, असा निकष वारसा समितीने लावला होता. देऊळ दिसले तरच देव मानावा, अशातला हा प्रकार! २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. चेनी यांनी हा संकुचित अर्थ चुकीचा ठरवून निर्णय रद्द केला. स्थळाचे महत्त्व तिथल्या लोकांच्या दृष्टीने पाहणे कायद्याला अभिप्रेत आहे. निकालाचे खरे मोल यातच आहे.

तरीही याच कायद्याच्या अठराव्या कलमाखाली मंत्र्यांच्या संमतीने नोंदलेले स्थळही उद्ध्वस्त करता येते. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने जूकन घळीतील, सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा असलेले शैलाश्रय सुरुंगाने उडवले, ते अशाच संमतीच्या आधारे. २०२१ चा नवा कायदा जुलै २०२३ मध्ये लागू झाला, पण त्याच वर्षी रद्द होऊन जुनाच कायदा सुधारणांसह परतला.