मोठा कॅमेरा, छोटा कॅमेरा आणि दगडांची साक्ष

एटापल्ली तालुक्यात गेली काही वर्षे मी एक साधे काम करतो आहे. माडिया लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ गावाजवळ, शेताच्या कडेला किंवा रानवाटेवर उभे केलेले दगड पाहायचे, कोणता दगड कोणाचा हे गावातल्या जाणत्यांकडून समजून घ्यायचे आणि त्यांची छायाचित्रे काढायची. या कामावर जाताना माझ्याजवळ दोन कॅमेरे असतात. एक मोठा, लेन्स बदलता येणारा. त्याच्याबरोबर तिपाई, दोन-तीन लेन्स आणि खांद्याला रग लावणारी बॅग येते. दुसरा शर्टाच्या नव्हे, पण झोळीच्या खिशात सहज मावणारा. त्याला एकच लेन्स आहे, ती काढता येत नाही आणि तिला झूमही नाही. समोरची वस्तू मोठी दिसायला हवी असेल तर आपणच चार पावले पुढे जायचे, लहान दिसायला हवी असेल तर मागे सरायचे.

कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढावे, हा प्रश्न पहिल्या वर्षी मला निव्वळ तांत्रिक वाटत होता. पुढे लक्षात आले की गोंडांच्या मुलखात छायाचित्रणाचा जो इतिहास घडला, त्याच्या मुळाशीच हा प्रश्न आहे. या लेखात तो इतिहास थोडक्यात मांडून माझ्या अनुभवाशी जोडून पाहण्याचा प्रयत्न करतो.

पेटीचा काळ

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांचेही नाव त्याच पिढीतले. त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे छोटा कारखाना हलवण्यासारखे होते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत काळोखात धुवायची. साराच खेळ काही मिनिटांचा. म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीबरोबर काचा, रसायने, पाणी आणि काळोखा तंबू न्यावा लागे. हे सारे वाहायला माणसे लागत आणि माणसे मिळवायला बहुधा सरकारी हुकूम लागे.

अशा कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला स्तब्ध राहावे लागे. त्यातून जी चित्रे आली ती माणसांपेक्षा ‘नमुन्यां’ची होती. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत छापली. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात फॉर्ब्स वॉटसन आणि के यांच्या संपादनाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यांची मांडणी जमातवार आहे. चित्राखाली जात असते, प्रांत असतो, स्वभावाविषयी शेरा असतो. ज्याचा चेहरा आहे त्याचे नाव मात्र क्वचितच सापडते.

ही सवय पुढे बराच काळ टिकली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि आजचा एटापल्लीचा मुलूख चांद्यात. या ग्रंथात नृत्याच्या वेषातील माडिया गोंडांचे छायाचित्र आहे. ते पाहताना मला नेहमी प्रश्न पडतो : यातल्या कोणाची नातवंडे आज कुठे असतील? त्या ओळीतल्या एकाचे जरी नाव लिहिले गेले असते, तरी एखाद्या गावाला आपल्या पणजोबाचा चेहरा मिळाला असता.

कॅमेरा लहान होतो

लहान कॅमेऱ्याची गोष्ट १८८८ पासून सुरू होते. ईस्टमनच्या पहिल्या कोडॅकमध्ये शंभर चित्रांचा रोळ भरलेला असे. लेन्स एकच, फोकस ठरलेला. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. १९२५ मध्ये लायका बाजारात आला. आज लायका म्हटले की बदलत्या लेन्स आठवतात, पण तो पहिला लायका न बदलणाऱ्या लेन्सचाच होता. १९२९ मध्ये जर्मनीतच रोलायफ्लेक्स निघाला. त्यालाही लेन्स कायमची जोडलेली. त्याच्यात वरून डोकावून पाहायचे असते, त्यामुळे छायाचित्रकाराची मान खाली झुकते आणि समोरच्याला त्याच्या डोळ्यांवर रोखलेले यंत्र दिसत नाही.

छोटा कॅमेरा आला म्हणून मोठा अडगळीत गेला असे मात्र झाले नाही. होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. वृत्तछायाचित्रणात त्यांनी स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेराही वापरला आणि रोलायफ्लेक्सही. ताटावर जशी पळीही लागते आणि चमचाही, तसे हे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

याच काळात गोंडांच्या मुलखातही अभ्यासकांची नवी पिढी आली. ग्रिगसन हे १९२७ ते १९३१ बस्तर संस्थानचे प्रशासक होते. त्यांचे बस्तरच्या माडियांवरील पुस्तक १९३८ मध्ये निघाले, आणि स्मृतिदगडांची दखल त्यातही आहे. इंद्रावतीच्या त्या काठाचे माडिया आणि या काठाचे माडिया यांच्यात सोयरिकी आहेत. म्हणून एटापल्ली-भामरागडकडच्या माणसालाही ते पुस्तक परके वाटत नाही. व्हेरिअर एल्विन यांनी १९३२ पासून आपले मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मध्य प्रांतातील खेड्यात मुक्काम ठोकला. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी चांद्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुनील जाना मुंबईत पक्षाच्या मुखपत्रासाठी काम करता करता आदिवासी मुलखात हिंडले.

या पिढीच्या चित्रांत माणसे हलू लागली. नाच, बाजार, शिकार, मुलाला कडेवर घेतलेली बाई असे सारे दिसू लागले. महिनोन्‌महिने गावात राहायचे आणि रोज थोडे थोडे टिपायचे, हे काचेच्या पेटीला जमणारे नव्हतेच. पण कॅमेरा लहान झाला म्हणून चित्र गावात परत आले का? बहुतांशी नाही. ती चित्रे पुस्तकांत गेली, दूरच्या शहरांतील संग्रहांत गेली. फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचा मोठा संग्रह आज लंडनच्या ‘सोआस’ संस्थेत आहे. लंडनमध्ये तो नीट जपला गेला याचे समाधान वाटते, आणि आसिफाबादच्या एखाद्या गोंड आजोबांना तो दिसणार नाही याचे वाईटही वाटते.

पत्र्याच्या पेटीतले फोटो

गावात जी चित्रे राहिली ती वेगळ्याच छोट्या कॅमेऱ्यांची. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता. १२० चा रोळ, बारा चौकोनी फोटो, लेन्स ठरलेली, फोकस ठरलेला. ऊन की ढग एवढेच आपण ठरवायचे. नंतर कोडॅक केबी १० सारखे पस्तीस मिलिमीटरचे स्वस्त कॅमेरे आले. शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, परिचारिका बदलीवर इकडे येत तेव्हा कोणाच्या तरी ट्रंकेत असा कॅमेरा असे. १९९३ नंतर मतदार ओळखपत्रासाठी फोटो काढण्याची मोहीम सुरू झाली. पुष्कळ वृद्धांचा आयुष्यातला तो पहिला फोटो ठरला. आज अनेक घरांत मृत माणसाचा भिंतीवरचा फोटो म्हणजे त्या टिकलीएवढ्या चित्रावरून मोठे केलेले, दाणे फुटलेले चित्र असते.

घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत सातबारा, शिधापत्रिका आणि जातीच्या दाखल्याबरोबर हे फोटो ठेवलेले असतात. पावसाळी दमटपणाने काही एकमेकांना चिकटलेले, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. संशोधनाच्या भाषेत त्यांना कोणी ‘संग्रह’ म्हणत नाही. मला मात्र सर्वांत महत्त्वाचा पुरावा अशाच एका पेटीत मिळाला.

एका गावात मी तीन स्मृतिदगडांची नोंद केली होती. तिथले आजोबा म्हणाले, “पाच होते.” दोन कुठे गेले याविषयी गावात दोन मते होती. काही दिवसांनी त्यांच्या नातवाने पेटीतून एक चौकोनी फोटो काढून आणला. पूर्वी तिथे असलेल्या एका गुरुजींनी काढून दिलेला. पुढे पाच-सहा मुले, मागे मोहाचे झाड आणि झाडाच्या डावीकडे पाच दगड. कडा धूसर, मुलांचे डोळे उन्हाने मिटलेले. छायाचित्रणाच्या स्पर्धेत कोणी त्याकडे पाहिले नसते. पण मागच्या बाजूला निळ्या शाईने मुलांची नावे लिहिलेली होती, आणि त्यातला एक मुलगा म्हणजे आज माझ्यासमोर बसलेला गावाचा भूमिया. झाड आजही उभे आहे. त्या झाडावरून दोन नाहीशा दगडांची जागा आम्हाला ठरवता आली.

याला केवळ भावनिक मोल नाही. वनहक्क कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २००८ चे. त्यातल्या तेराव्या नियमात दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे अशा, वहिवाट किती जुनी आहे हे दाखवणाऱ्या खुणा तीत आहेत. वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून ग्रामसभांना आपल्या खुणांचे महत्त्व अधिकच कळले आहे. ज्या समाजाने आपला इतिहास कागदावर नव्हे, दगडात उभा केला, त्याला आता तो दगड कागदावर आणावा लागतो आहे.

तिपाई आणि शांत शटर

आता माझ्या दोन कॅमेऱ्यांकडे येतो. दगडाच्या नोंदीला मोठा कॅमेरा हवाच. लहान कॅमेऱ्याची लेन्स जरा रुंद पाहणारी. तिने उंच दगड जवळून, वर मान करून टिपला तर तो मागे कलल्यासारखा दिसतो आणि तळ अवाजवी मोठा होतो. दगड मुळात कलला आहे की फोटोत, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून दूर तिपाई लावायची, लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची, कॅमेरा पाणसळीत ठेवायचा, दगडाशेजारी मीटरची पट्टी उभी करायची आणि सकाळचे तिरपे ऊन येण्याची वाट पाहायची. त्या उन्हात दगडावरच्या पुसट खुणाही उठून दिसतात.

पण तीच तिपाई इथे वेगळी भाषा बोलते. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर लोकांचा ठाकुरदेव आहे. या टापूत तीन पायांवर यंत्र उभे करून डोळा लावणारा माणूस म्हणजे मोजणीवाला. पहिल्याच आठवड्यात एकाने मला विचारले, “कोणासाठी मोजता?” प्रश्न रास्त होता. मी दगडाची उंची खरोखरच मोजत होतो. त्या दिवशी मी तिपाई मिटली आणि आठ दिवस बाहेर काढली नाही.

तेव्हापासून छोटा कॅमेरा आधी निघू लागला. लेन्स ठरलेली असल्याने माणसाचे चित्र हवे तर त्याच्यापासून दोन हातांवर जावे लागते, आणि दोन हातांवर गेल्यावर बोलल्याशिवाय राहता येत नाही. हा त्याचा मोठा गुण, असे मी सगळ्यांना सांगत असे. मग एक प्रसंग घडला. माझ्या छोट्या कॅमेऱ्याचा शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचा आहे. मोठ्या कॅमेऱ्यात आरसा उचलला जाताना होणारा खट्ट आवाज त्याला नाही. एक आजी आपल्या नवऱ्याच्या दगडापाशी बसून तळहाताने त्याच्यावरची माती झाडत होती. मी तो क्षण टिपला आणि नंतर मोठ्या कौतुकाने मागच्या पडद्यावर तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिले आणि नातीला काही विचारले. नात म्हणाली, “आजी विचारते, हा काढला कधी?”

मला उत्तर देता येईना. चित्र चांगले होते, पण ते तिच्या नकळत घेतलेले होते. तंबू आणि काचा घेऊन येणाऱ्या साहेबाने निदान येताना गाजावाजा केला होता. मोठा कॅमेरा विचारत नाही, पण आपण आलो हे तरी सांगतो. छोटा तेवढेही सांगत नाही. म्हणजे त्याच्या वतीने सांगण्याची आणि विचारण्याची सगळी जबाबदारी माणसावर येते. ते चित्र मी तिच्यासमोर पुसले. ती नको म्हणाली नव्हती; तिला विचारलेच गेले नव्हते, एवढेच.

आता कामाचा क्रम ठरला आहे. पहिल्या भेटीत कॅमेरा नाही. दुसऱ्या भेटीत, विचारून, छोटा कॅमेरा : घरातली माणसे, पेटीतले जुने फोटो, दगडाकडे जाणारी वाट, दगडाची गोष्ट सांगणारा माणूस. ही चित्रे पुढच्या खेपेला छापून आणायची आणि घरोघर द्यायची. ग्रामसभेने हो म्हटल्यावर मोठा कॅमेरा आणि तिपाई, तीही गावातल्या दोघातिघांनी जागा दाखवली तिथेच. मीटरची पट्टी धरायला गावातलाच मुलगा असतो. किती भरले ते तोच मोठ्याने वाचतो, म्हणजे मोजणी कोणाची याविषयी शंका राहत नाही. प्रत्येक दगडाची दोन चित्रे फाइलमध्ये शेजारी शेजारी लागतात : मोठ्या कॅमेऱ्याचे दगडाचे आणि छोट्या कॅमेऱ्याचे, तो दगड ओळखणाऱ्या माणसाचे.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या आजींकडे पुन्हा गेलो. तिपाई सोबत होती. दगडाचे चित्र झाल्यावर त्यांनी नातीकरवी सांगितले की आता मी बसते, काढ. नवे लुगडे नेसून त्या दगडाशेजारी बसल्या, कॅमेऱ्याकडे सरळ पाहत, अगदी ओळखपत्राच्या फोटोसारख्या ताठ. पहिल्या चित्रातला सहजपणा त्यात नव्हता. छापून दिले तेव्हा त्यांनी ते उलटे करून कोऱ्या बाजूवर बोट ठेवले आणि नवऱ्याचे नाव लिहायला सांगितले. मी लिहिले, खाली त्यांचेही लिहिले. एक प्रत ग्रामसभेच्या फाइलमध्ये आहे, एक त्यांच्या पत्र्याच्या पेटीत.