वेदीच्या सेवेंतील सुई

देवालयाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें होऊन गेले, ह्या गोष्टी दप्तरांत सहज सांपडतात. वेदीवरील वस्त्रें कोणीं शिवलीं व त्यांवरील भरतकाम कोणीं केलें, ह्याची नोंद मात्र बहुधा कोठेंच नसते. वास्तविक देवालयांत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टि प्रथम वेदीकडे जाते, आणि तेथें तिला दिसतें तें कोणा भगिनीच्या हातचें काम. ज्युबिलीच्या ह्या पुस्तकांत त्या मुक्या सेवेलाहि थोडी जागा असावी, ह्या हेतूनें आम्हीं सुईच्या कामाचा हा विषय घेतला आहे.

ही कला ख्रिस्ती जगांत ज्या देशांत पराकोटीस पोंचली तो देश इंग्लंड होय, आणि तिच्या बहराचा काळ म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध व चौदाव्याचा पूर्वार्ध. इतक्या दूरच्या देशाची कथा आम्हांस काय कामाची, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर असें कीं, त्या कारागिरांच्या हातचीं कित्येक वस्त्रें सातशें वर्षांनंतरहि पाहावयास मिळतात. तीं कां टिकलीं हें शोधूं गेलें असतां जें कळतें, तें आज साध्या रुमालावर लहानसा क्रूस भरणाऱ्या मुलीलाहि उपयोगी पडणारें आहे.

कथेचा आरंभ त्या बहराच्याहि पूर्वींचा आहे. उत्तर इंग्लंडांतील संत कथबर्ट हे 687 सालीं निवर्तले. त्यांची कबर डरहॅम येथील कॅथीड्रलांत आहे. 1827 सालीं ती उघडली तेव्हां आंत एक स्टोल, म्हणजे याजकाच्या गळ्यांतील लांब पट्टी, आणि एक मॅनिपल, म्हणजे पूर्वीं याजक डाव्या हातावर घालीत ती आंखूड पट्टी, अशीं भरतकामाचीं वस्त्रें मिळालीं. त्यांच्या टोकांवर लॅटिन अक्षरें भरलेलीं आहेत. त्यांवरून असें कळतें कीं, राणी एल्फ्लेड हिनें तीं विंचेस्टरचे बिशप फ्रिथस्टन ह्यांच्याकरितां करविलीं. फ्रिथस्टन हे 909 पासून 931 पर्यंत बिशप होते. अर्थात् हें काम सुमारें अकराशें वर्षांचें आहे. रेशमानें भरलेल्या संदेष्ट्यांच्या आकृति आणि त्यांच्या भोंवतीं सोनेरी कलाबतू, असें तें आहे. जिनें करविलें त्या राणीचें नांव राहिलें, ज्यांच्याकरितां केलें त्या बिशपांचेंहि राहिलें. ज्यांनीं डोळे शिणवून टाके घातले त्यांचें मात्र राहिलें नाहीं.

पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं ही कला युरोपभर प्रसिद्धीस आली व तिला लॅटिन भाषेंत 'ओपुस अँग्लिकानुम', म्हणजे 'इंग्रजी काम', असें नांवच पडलें. सेंट ऑल्बन्स मठांतील इतिहासकार मॅथ्यू पॅरिस ह्यानें 1246 सालची एक गोष्ट लिहून ठेविली आहे. पोप चौथे इनोसंट ह्यांनीं कांहीं इंग्रज धर्मगुरूंच्या अंगावर सोनेरी भरतकामाचीं वस्त्रें पाहिलीं व तीं कोठें होतात अशी चौकशी केली. इंग्लंडांत, असें कळतांच त्यांनीं तेथील सिस्टर्सियन मठाधिपतींस पत्रें धाडून तसलें काम पाठविण्यास सांगितलें. मॅथ्यू मोठा स्पष्टवक्ता. ह्या मागणीनें लंडनचे व्यापारी मुळींच कष्टी झाले नाहींत, कारण मालाचा भाव तेच ठरवीत, असा शेरा मारण्यास तो चुकला नाहीं. 1295 सालीं पोपमहाशयांच्या भांडाराची यादी झाली, तींत ह्या इंग्रजी कामाचा उल्लेख शंभराहून अधिक वेळां आला आहे.

हें सर्व काम मठांतील धर्मभगिनींनीं केलें अशी समजूत पुष्कळ दिवस होती. ती अंशतःच खरी आहे. बहराच्या काळीं लंडन शहरांत ह्या धंद्याचे कारखाने होते, आणि त्यांत पुरुष व स्त्रिया दोघेंहि काम करीत. राजा तिसरा हेन्री ह्याच्या हिशेबांत बरी सेंट एडमंड्स येथील मेबल नांवाच्या एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तिनें राजासाठीं याजकाचीं वस्त्रें केलीं, ध्वज केला. आणि पुढें 1256 सालीं राजा तिच्या गांवीं गेला असतां तिच्या दीर्घ सेवेची आठवण ठेवून त्यानें तिला कापड देवविलें. 1317 सालीं राणी इझाबेला हिनें पोपमहाशयांकडे पाठविण्यासाठीं एक भरतकामाचा झगा घेतला, त्याची किंमत शंभर मार्क होती व ती लंडनच्या रोझ नांवाच्या व्यापाऱ्याच्या पत्नीस पोंचती झाली. हजारों हातांपैकीं अशीं थोडींच नांवें आपणांपर्यंत आलीं आहेत, आणि तीं आलीं तीं देखील पैशाच्या हिशेबामुळें.

आतां ह्या कामाचें मर्म पाहूं. तें मुख्यतः दोन टाक्यांत आहे.

पहिला टाका रेशमाचा. पीळ न घातलेलें मऊ रेशीम सुईंत ओवून एक लहान टाका घालावयाचा. पुढील टाका घेतांना सुई खालून वर काढतांना ती मागच्या टाक्याच्या धाग्याला मधोमध चिरून वर यावी. असें केल्यानें टाक्यांमधील फट नाहींशी होते व रेघ अखंड, गुळगुळीत दिसते. हा टाका इतका लहान घालीत कीं भरलेलें कापड चित्रासारखें भासे. संतांचे चेहरे भरतांना ते गालाच्या मध्यापासून आरंभ करून गोल गोल फेरे घेत बाहेर येत. रंग एकच असला तरी प्रकाश फेऱ्यांवर निरनिराळा पडे आणि गाल उचलून आल्यासारखा दिसे. केसांच्या व दाढीच्या बटांसाठीं दोन छटांच्या रांगा आळीपाळीनें घालीत. म्हणजे छाया दाखविण्याचें काम ते रंगाइतकेंच टाक्याच्या दिशेकडून करून घेत.

दुसरा टाका सोन्याचा. चांदीच्या पातळ पट्टीवर सोन्याचा मुलामा देऊन ती रेशमी दोऱ्याभोंवतीं गुंडाळीत. आपल्याकडे जिला कलाबतू म्हणतात तीच ही. कलाबतू सुईंत ओवून पुनःपुन्हा कापडांतून ओढली तर तिचें सोनें खरवडून निघतें. म्हणून ती कापडावर आडवी ठेवून दुसऱ्या बारीक दोऱ्यानें टाचावी लागते. सर्वत्र लोक ती वरून टाचीत, आणि टाचणारा दोरा वर दिसे. इंग्रज कारागिरांची रीत निराळी होती. ते लिननचा बळकट दोरा कापडाच्या खालीं ठेवीत. सुई खालून वर येई, कलाबतूला वेढा घाली आणि ज्या छिद्रांतून वर आली त्याच छिद्रांतून परत खालीं जाई. मग दोरा हलकेच ओढला कीं कलाबतूचा एक अगदीं बारीक पेड कापडाच्या खालीं जाऊन बसे. वरून पाहणाऱ्यास टाचणारा दोरा मुळींच दिसत नसे. दिसे तें केवळ सोनें. शिवाय प्रत्येक टाक्यापाशीं कलाबतूस जणूं बिजागरी लाभे, त्यामुळें सोन्यानें मढविलेला झगाहि अंगावर सहज घड्या घेई, ताठ राहत नसे. वरून टाचलेला दोरा घर्षणानें झिजून तुटतो व सोनें सुटून लोंबतें. हा दोरा आंत सुरक्षित असल्यामुळें सोनें शतकानुशतकें जागचें हाललें नाहीं.

वाचकहो, ह्या कामाचें सौंदर्य सुलट बाजूस आहे, पण त्याचें आयुष्य उलट बाजूस आहे. आमच्या मतें नीटनेटक्या सुईकामाचें सगळें शास्त्र ह्या एका गोष्टींत सांठवलें आहे. आपल्या घरांतून व देवालयांतून जें भरतकाम होतें, त्याला ह्या जुन्या रीतींतून जे नियम लावतां येतात ते आम्ही येथें देतों.

कापड प्रथम चौकटीवर किंवा कड्यांत असें ताणावें कीं त्याचे उभे व आडवे धागे एकमेकांशीं काटकोनांत राहतील. तिरपें ताणलेलें कापड सोडल्यावर क्रूसहि तिरपा होतो. जुने कारागीर आधीं शाईनें रेखाटन करीत. जेथें रेशीम झिजलें आहे तेथें तें आजहि दिसतें. आपणहि रेखाटन केल्यावांचून सुई हातीं घेऊं नये. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत असावा, त्याहून लांब नको. लांब दोरा पुनःपुन्हा नेढ्यांत घासून पिंजतो. दोऱ्यास पीळ चढूं लागला कीं सुई मोकळी लोंबूं द्यावी, म्हणजे पीळ आपोआप उतरतो. गांठ मारूं नये. जी जागा पुढें भरली जाणार आहे तेथें दोन बारीक धावते टाके घालून आरंभ करावा, आणि शेवटीं दोरा मागच्या टाक्यांखालून ओवून कापावा. गांठीमुळें कापडावर उंचवटा येतो, धुतांना ती सुटते, आणि एक गांठ सुटली कीं सबंध पाकळी उसवते.

एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा मागच्या बाजूनें ओढून नेण्याची संवय पुष्कळांस असते. वेदीचें पांढरें कापड पातळ असतें. दिवे लागले कीं तो दोरा सावलीसारखा वर दिसतो. तेथें दोरा तोडून नवा आरंभ करणें हेंच योग्य. टाका ओढतांना दोरा कापडास टेंकला कीं थांबावें. त्यापुढें ओढल्यास कापडास चुण्या पडतात, आणि त्या इस्तरीनें जात नाहींत. वळणावर टाके आंखूड घ्यावेत, सरळ रेषेवर थोडे लांब चालतील. पानाचे टाके शिरेच्या दिशेनें व पाकळीचे टाके देठाकडे वळलेले असावेत. काम उरकल्यावर कड्यांतून कापड सोडून ठेवावें, नाहींतर त्याचा वळ कायमचा राहतो. इस्तरी करावयाची ती जाड पांघरुणावर काम पालथें घालून, म्हणजे भरलेला भाग चेपत नाहीं. आणि शिकणारीचें काम पाहावयाचें तर प्रथम तें उलटें करून पाहावें.

जें इतक्या निष्ठेनें झालें, त्याची पुढें काय गति झाली? 1348 सालीं इंग्लंडांत महामारी शिरली व थोड्याच काळांत लोकसंख्येचा फार मोठा भाग मृत्युमुखीं पडला. कसबी हात गेले. जे उरले त्यांनीं झटपट होणारी रीत धरली. सुटीं चित्रें लिननवर भरून, कापून, मखमलीवर लावूं लागले. खालून टाचण्याची ती अवघड रीत हळूहळू मागें पडली. पुढें सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या राजसत्तेनें रोमशीं संबंध तोडला, तेव्हां देवालयांतील वस्त्रें जप्त झालीं. कित्येक सोनें काढण्यासाठीं जाळलीं, कित्येक कापून गाद्यागिरद्यांच्या खोळी केल्या.

ह्या नाशांतून जें वांचलें त्यांतील एका झग्याची हकीकत विशेष हृदयस्पर्शी आहे. ह्यास सायन येथील झगा म्हणतात. तो चौदाव्या शतकाच्या आरंभीं केलेला असून त्याची सर्व जमीन टाक्यांनीं झांकलेली आहे. त्यावर ख्रिस्ताचें क्रूसारोहण, पवित्र मरियेचा मुकुटसमारंभ, प्रेषित, आणि प्रभूच्या कुशींत बोट घालणारे संत थॉमस ह्यांचीं चित्रें आहेत. लंडनजवळील सायन येथें ब्रिजिटाइन भगिनींचा मठ 1415 सालीं स्थापन झाला होता. 1539 सालीं तो मोडण्यांत आला. भगिनी परागंदा झाल्या. नेदरलंड्स, फ्रान्स असा प्रवास करीत 1594 सालीं लिस्बनला पोंचल्या. घर गेलें, देश गेला, तरी झगा त्यांनीं जतन केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्यापैकीं कांहीं भगिनी मायदेशीं परतल्या, तेव्हां तो परत आला. 1864 पासून तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहे. त्या भगिनींचा मठ 2011 सालीं बंद झाला, झगा राहिला.

ज्या लिस्बन बंदरांत त्या भगिनींनीं आसरा घेतला, तेथूनच गोव्याकडे गलबतें निघत. त्याच बंदराच्या वाटेनें सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालची राणी मारिया सोफिया हिनें पाठविलेलें भरतकामाचें वस्त्र संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या देहासाठीं गोव्यास आलें. येथेंहि राणीचें नांव इतिहासानें जपलें आहे.

इंग्लंडांत ह्या जुन्या वस्त्रांचा टाक्याटाक्यानें अभ्यास करून ग्रेस ख्रिस्टी ह्या विदुषीनें 1938 सालीं त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि विसरलेली रीत पुन्हा समजली. परंतु तुटलेला धागा असा दर वेळीं सांधतां येतोच असें नाहीं. आज यंत्रावर भरलेलीं वस्त्रें स्वस्त मिळतात, आणि तीं घेण्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. मात्र ज्या वडील भगिनींच्या बोटांत हा कसब अद्याप आहे, त्यांच्या मागें तो शिकलेलें कोणी नसेल, तर पैसे टाकूनहि तो विकत मिळणार नाहीं. म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. प्रत्येक घरांतील एका मुलीनें, आणि इच्छा असल्यास मुलानेंहि, आजीजवळ बसून निदान एक क्रूस गांठीशिवाय भरावयास शिकावें. आणि देवालयाच्या दप्तरांत देणगीदारांच्या नांवांशेजारीं, कोणतें वस्त्र कोणाच्या हातचें, हेंहि यापुढें लिहिलें जावें. पुढच्या ज्युबिलीस इतिहास लिहिणाऱ्यास तें पान कोरें मिळूं नये. ज्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत तीं परमेश्वरास ठाऊक आहेतच; त्या सर्वांना तो आपल्या सन्निध चिरशांति देवो.