मूंद म्हणजे तीन

होमर वाचावा तर मूळ ग्रीकमध्येच, असं म्हणणारी माणसं असतात. पेन्शन हाती पडली की ती व्याकरण घेऊन बसतात. मी पडलो बी. कॉम.! म्हणून मी आधी आकडे तपासले. ग्रीकमध्ये तीनला 'त्रेइस', सातला 'हेप्ता'. म्हणजे लांबचे का होईना, आपले भाऊबंदच. आणि आमच्या गडचिरोलीत काउंटरपुढं अंगठा उठवायला उभा असलेला गोंड म्हातारा नोटा मोजतो 'उंदी, रंड, मूंद'! हा 'मूंद' सिरोंच्याकडच्या तेलुगूतल्या 'मूडु'चा भाऊ. सातासमुद्रापलीकडचा होमर नात्यातला, अन् काउंटरपलीकडचा म्हातारा वेगळ्या कुळातला. असली नोंद आमच्या ऑडिटरनं लाल शाईनं खोडली असती.

गोंडांचंही महाकाव्य आहे, हे मला कळलं ते एका स्कॉटिश पाद्र्याकडून. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तो हा स्टीफन हिस्लॉप. त्यानं लिंगोचं गाणं प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतलं. प्रधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरीवर देवांच्या कथा गाणारे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुरात बुडाला. कागद मागं राहिले, ते १८६६ साली रिचर्ड टेंपलनं छापले. गोंडी मजकूर, पण लिपी रोमन!

पुढं कॅप्टन फॉरसाइथनं त्याचं इंग्रजी पद्य केलं (१८७१), तेही लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या चालीवर. लाँगफेलोनं ती चाल फिनलंडच्या 'कालेवाला'वरून उचललेली. म्हणजे गाणं आमच्या जंगलातलं, भाषा विलायती, चाल फिनलंडची, व्हाया अमेरिका. ट्रेझरीचं बिलसुद्धा इतकं फिरत नाही.

मी मूळ गोंडीलाच हात घातला. लिंगो आगीच्या शोधात रिकाड गवडी नावाच्या राक्षसाकडं जातो, तो भाग मला फार आवडतो. लिंगो झाडावर चढून वाद्य छेडतो आणि म्हातारा नाचायला लागतो. मग म्हातारी येते, अन् तीही नाचते! आमच्या शाखेतल्या गोंड शिपायाला मी हे अक्षर लावून लावून वाचून दाखवलं. दोन मिनिटं त्यानं सोसलं.

"बाबूजी, हे वाचाचं नाही जी, म्हणाचं आहे."

अमेरिकेच्या मिल्मन पॅरीला होमरबद्दल हेच समजून घ्यायला १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गवयांपुढं जाऊन बसावं लागलं होतं. माझं काम एका रविवारी झालं. शिपाई मला आपल्या गावच्या प्रधानाकडं घेऊन गेला. पुस्तकात ते म्हातारा-म्हातारी थोड्याच ओळी नाचतात. इथं बाया हसत होत्या तोवर प्रधानानं त्यांना नाचवलं. चांगली वीस मिनिटं!

मधल्या विसाव्यात त्याचा शाळकरी मुलगा किंगरी जुळवत होता. मी विचारलं, "तारा किती रे?"

"तीन."

बाप पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मूंद."