तांब्याचा ठोकळा

गेल्या दिवाळीत नगरच्या घरचा मायक्रोवेव्ह बंद पडला. दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडला (तुम्ही उघडू नका, कपॅसिटर बंद ओव्हनमध्येही झटका देतो) आणि मुठीएवढा एक भाग माझ्या हातात ठेवला. "मॅग्नेट्रॉन गेलाय." इंजिनिअरिंगला त्याची आकृती काढून मी मार्क मिळवले होते, वस्तू मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

ही व्हॅक्यूम ट्यूबच. मधोमध तापलेला कॅथोड, भोवती तांब्यातले कप्पे, बाहेर चुंबक. चुंबकामुळे इलेक्ट्रॉन गोल फिरतात आणि शिट्टीत हवा घुमावी तशा कप्प्यांत लहरी घुमतात. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी असा मॅग्नेट्रॉन चालवला. तोवर विमानातलं रडार दीड मीटरच्या लहरींवर चालायचं. हा दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी देत होता, तोही भरपूर ताकदीच्या. छोटी अँटेना विमानाच्या पोटाखाली मावली आणि ढगांखालचे किनारे, शहरं पडद्यावर दिसू लागली. या रडारचं नाव एच-टू-एस.

अडचण एकच, ठोकळा नष्ट होत नव्हता. विमान पडलं की गुपित शत्रूच्या हाती. स्फोटकं लावून पाहिली. विमानाला भगदाड पडलं, पण तुकड्यांवरून रचना ओळखू येत होती. क्लायस्ट्रॉन ही दुसरी ट्यूब सहज फुटणारी, पण कमजोर. चाचण्या सुरू असताना ७ जून १९४२ ला हॅलिफॅक्स विमान कोसळून अकरा जण गेले. त्यांत ॲलन ब्लमलाइन होते. तुमच्या इयरफोनमधल्या स्टिरिओचं सुरुवातीचं पेटंट त्यांचं.

दुकानातून परतताना मी भुईकोट किल्ल्यावरून गेलो. त्या अपघातानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच ब्रिटिश सरकारने नेहरू, पटेल, आझाद यांना इथे कोंडलं. कुठे ठेवलंय, हेही सुरुवातीला सांगितलं नाही. शाळेच्या सहलीत नेहरूंची खोली पाहिली होती. तेव्हा बाहेरचं युद्ध कुणी सांगितलं नव्हतं.

अखेर मॅग्नेट्रॉनच निवडला. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री एच-टू-एस हॅम्बुर्गवर पहिल्यांदा वापरलं. काही दिवसांतच रॉटरडॅमजवळ एक विमान पडलं आणि ठोकळा जर्मनांना सापडला. भीती खरी ठरली, तरी वापर थांबला नाही. जुलैत त्याच हॅम्बुर्गवर सलग हल्ले झाले. वाट दाखवणाऱ्या विमानांत हेच रडार होतं. तीस हजारांहून अधिक माणसं मेली. आमच्या पुस्तकात आकृतीखाली फक्त 'उपयोग: रडार' लिहिलं होतं.

मॅग्नेट्रॉन माझ्या टेबलावर आहे. आई म्हणते, भंगारात दे, तांब्याला भाव आहे.