पंडिता रमाबाई आणि आज्ञापालनाचा प्रश्न
अवर्षणाच्या काळांत मनुष्याचा ईश्वरावरील विश्वास जसा कसोटीस लागतो तसा तो इतर वेळीं क्वचितच लागतो. शिरूर अनंतपाळच्या परिसरांत राहणाऱ्या आम्हां लोकांस ही गोष्ट पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत अद्यापि येतो. आणि २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें तर सर्वांच्या स्मरणांत आहे. अशा प्रसंगीं कोणी म्हणतो, देवानें आपल्याकडे पाठ फिरविली. कोणी म्हणतो, त्याची इच्छाच तशी, आपण निमूटपणें सोसावें. हीं दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, कारण दोहोंतही मनुष्यास स्वतः कांहीं करावें लागत नाहीं. देवावर भाव ठेवावा, त्याची आज्ञा मानावी, आणि तरीही स्वस्थ बसूं नये, हें तिसरें उत्तर अवघड आहे. तें एका मराठी स्त्रीनें आपल्या आयुष्यानें दिलें, म्हणून त्या आयुष्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न गृहस्थ. त्यांचे गुरु पेशव्यांच्या घराण्यांतील स्त्रीस संस्कृत शिकवीत. तें पाहून शास्त्रीबोवांनीं आपल्या पत्नीस शिकविण्याचा निश्चय केला, आणि जातभाईंचा रोष पत्करून तो तडीस नेला. पुढें हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. गांठचें द्रव्य संपलें, हलकें काम करण्याची संवय नाहीं, आणि भीक मागण्याची लाज. अशा स्थितींत प्रथम वडील, मग आई, नंतर थोरली बहीण अशीं एकामागून एक गेलीं. मरतेवेळीं शास्त्रीबोवांनीं आपल्या या धाकट्या लेकीस ईश्वराच्या हातीं सोंपविलें आणि केवळ त्याचीच सेवा करण्यास सांगितलें, असें बाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे. केवळ त्याचीच, या शब्दांचा अर्थ त्या मुलीस तेव्हां कितपत कळला असेल कोण जाणे. पण तिच्या पुढील सर्व चरित्राची किल्ली त्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

भाऊ श्रीनिवास यासह त्या पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण सुखाचे दिवस मोजकेच होते. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांनीं जातिबंधन मोडून विवाह केला. दोन वर्षांच्या आंतच, फेब्रुवारी १८८२ मध्यें, पटकीनें पतीही गेले. तेविसाव्या वर्षीं पदरीं तान्ही मनोरमा, आणि माहेरचें वा सासरचें दार उघडें नाहीं. त्या पुण्यास आल्या, त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथील भगिनींच्या मठांत २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढची हकीकत सामान्य समजुतीस सोडून आहे. पुण्यांत लोक म्हणूं लागले, बाई साहेबांच्या कच्छपीं लागल्या. वास्तविक त्याच वेळीं इंग्लंडांत त्यांची धर्मगुरूंशीं चकमक चालू होती. त्यांनीं पुरुषांस शिकवावें कीं नाहीं हा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली; बाईंनीं ती मुकाट्यानें मानली नाहीं. त्रैक्यासारखीं मतें केवळ चर्च सांगतें म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. मनोरमेस कोणतें धर्मशिक्षण द्यावयाचें हा आईचा अधिकार त्या सोडीनात. त्यांच्या दीक्षामाता सिस्टर जेराल्डिन यांस हा सर्व अहंकार वाटला, आणि त्यांनीं तसें लिहिलेंही. त्यावर रमाबाईंच्या उत्तराचा भावार्थ असा कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें उतरविल्यावर त्याच जातीचें दुसरें जूं मानेवर घेण्याची आपली इच्छा नाहीं. देवाची आज्ञा म्हणून जी कळेल तीच आपण पाळूं. ज्यांच्या घरीं आसरा घेतला त्यांसच असें लिहिणें सोपें नव्हतें. परमुलखांत, पैशाचें बळ नसतां, कानानें अधू झालेल्या स्त्रीनें तें लिहिलें. ऐकूं कमी येऊं लागल्यामुळेंच वैद्यकाचा अभ्यास करण्याची त्यांची उमेद पूर्वींच मावळली होती.

अमेरिकेंत मदत मिळवून त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. संस्था धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील असें ठरलें होतें. बाई स्वतः दार उघडें ठेवून प्रार्थना करीत; मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. यांतून वाद पेटला, 'केसरी'नें झोड उठविली, आणि १८९३ सालीं न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या बाबतींत राजीनामे देणाऱ्यांस दोष देऊन मोकळें होणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं लोकांपाशीं आपला शब्द खर्ची घातला होता, आणि तो जातो अशी त्यांस भीति वाटली. पण बाईंची अडचणही खरी होती. स्वतःच्या खोलींतील प्रार्थना लपवून करावी, असें त्यांच्या देवानें त्यांस सांगितलें नव्हतें. फळ असें झालें कीं, हिंदु समाजास त्या परक्या आणि चर्चच्या मंडळीस हेकट वाटूं लागल्या. एकटेपणाचा हा प्रकार विरळा आहे. ज्यास एका पक्षानें टाकलें त्यास दुसरा पक्ष बहुधा उचलून धरतो. यांस दोहोंकडूनही दुरावा सोसावा लागला.

अशा माणसानें कडवट व्हावें हें स्वाभाविक. रमाबाई कडवट झाल्या नाहींत, त्या कामास लागल्या. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रस्त्यांवर भटकणाऱ्या मुलींत त्यांस आपलेंच बाळपण दिसलें असल्यास नवल नाहीं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेंकडों मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेली जमीन होती. तेथें झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून 'मुक्ति' निघाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या, माग बसविले, तेलाचे घाणे चालविले, छापखाना काढला. पैसा वेळेवर येईलच अशी शाश्वती नसे. वडिलांच्या पिढीनें दुष्काळांत हाताचें काम हलकें मानलें आणि प्राण गमावले. मुलीनें त्याच कामास ईश्वराची सेवा मानिलें, आणि त्यायोगें शेंकडों प्राण वांचले. सरकारचीही त्यांनीं भीड ठेविली नाहीं. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगच्या इस्पितळांत आपल्या एका मुलीची झालेली दुर्दशा त्यांनीं मुंबईच्या एका पत्रांत उघड लिहिली, आणि तो विषय पार्लमेंटापर्यंत गेला.

आयुष्याचीं शेवटचीं सुमारें अठरा वर्षें एका कामांत गेलीं. खेड्यांतील बायांस कळेल अशा मराठींत सबंध बायबल उतरविण्यासाठीं त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि मुक्तीच्या मुलींकडून खिळे जुळवून तें छापण्यास घेतलें. तें भाषांतर पुढें फारसें प्रचारांत आलें नाहीं, आणि त्याची भाषा ठिकठिकाणीं मूळास अतिशय चिकटून चालते, हेंही मान्य केलें पाहिजे. पण भाषांतराचें मूल्य आणि तें करणाऱ्या निष्ठेचें मूल्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलीवर सर्व भार सोंपवावयाचा होता, ती मनोरमाबाई आईच्या हाताखालीं संस्था चालवीत होती. गुलबर्ग्यास शाळा काढण्याचें कामही तिनें अंगावर घेतलें होतें. गुलबर्गा आणि आमचा हा मुलूख तेव्हां एकाच निजामी राज्यांत होते, आणि मुलींच्या शिक्षणाची वाण तिकडे जशी होती तशीच इकडेही होती. जुलै १९२१ मध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई वारल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पति यांच्यामागून शेवटचें माणूसही गेलें. रमाबाईंनीं मुद्रितें तपासण्याचें काम थांबविलें नाहीं. तें पुरें होतांच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्यांनीं देह ठेविला. सबंध ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

आज्ञापालन हा शब्द आपल्या घरांतून, विशेषतः मुलींस, फार स्वस्तपणें ऐकविला जातो, आणि देवाचें नांव घेऊन बहुधा माणसांचीच आज्ञा पाळवून घेतली जाते. रमाबाईंच्या चरित्रानें या दोहोंत भेद करावयास शिकविलें. देवाची आज्ञा पाळणाऱ्यास कधीं जातीस, कधीं धर्मगुरूस, कधीं सरकारास नाहीं म्हणावें लागतें. आणि तसें म्हटल्यावर जो एकटेपणा येतो तो देवानें टाकल्याची खूण म्हणतां येत नाहीं. मात्र नाहीं म्हणणारे पुष्कळ असतात. ज्यांचें नाहीं म्हणणें दुसऱ्यांच्या उपयोगीं पडलें असे थोडे, आणि या थोड्यांत रमाबाईंची गणना केली पाहिजे. त्यांचा धर्म आपला असो वा नसो, केडगांवची संस्था आजही चालू आहे, आणि तिचा पाया जिनें घातला तिच्याजवळ आरंभीं दुष्काळांतून वांचलेला एक जीव आणि मरत्या बापाचा एक शब्द याखेरीज कांहीं नव्हतें, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें एवढीच विनंति आहे.